सैल केलेली वायर

गॅरेजात कुणी पेरू कापला, की मला निरवांगीचे तात्या आठवतात. बंद पडलेल्या मोटारसायकली बारामतीला आणायला मी त्यांची जुनी पिकअप विकत घ्यायला गेलो होतो. मोटारीचं मागचं अंग कापून तिला हौदा बसवलेला. इंजिन बघता बघता मी प्लगची वायर हळूच सैल केली. गाडी आचके द्यायला लागली. तात्या ओशाळले आणि आपणहून किंमत उतरवली. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावून मला पेरूंची पिशवी दिली.

गावाबाहेर थांबून मी वायर घट्ट बसवली. तेवढ्यात काळजीनं मागोमाग आलेले तात्या सायकलवरून उतरले. इंजिनाचा नीट आवाज ऐकून म्हणाले, “सुधारली व्हय? बरं झालं. मला वाटलं, माझ्या हातून तुमची फसवणूक झाली.”

तेव्हा मी सुटलो म्हणून हसलो होतो.