टेबलावर ठेवा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. इथल्या विहारातल्या मंडळींना तर नाहीच — त्यांच्यासमोर मी या गोष्टीचा चांगला अर्धा भाग दोनदा सांगितला आहे आणि दोन्ही वेळा टाळ्या घेतल्या आहेत. उरलेला अर्धा तुम्हाला सांगतो.

मी चंद्रपूरकडचा, जंगलाच्या काठावरच्या गावातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. गुरुजींनी स्वतःच्या हाताने माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला नसता, तर मीही आईसोबत मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलो असतो. पण मी भौतिकशास्त्र शिकलो आणि पुढच्या शिक्षणासाठी थेट जपानला पोचलो. अजूनही कधी कधी खरं वाटत नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिथे तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. जमीन हलली असं लोक म्हणतात. हलली नाही — ती वाहायला लागली. कपाटं चालत भिंतीपासून दूर आली. आमचं शहर किनाऱ्यापासून आत होतं, म्हणून समुद्र आमच्यापर्यंत आला नाही. तो आम्ही टीव्हीवर पाहिला. काळा, घाई नसलेला समुद्र शेतांवरून चालत होता आणि घरं त्याच्यापुढे सरकत होती. मी हात जोडून उभा होतो. कुणाला जोडले होते, माहीत नाही.

मग किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्राच्या बातम्या येऊ लागल्या. वीज गेली, भट्ट्या थंड करणारं पाणी थांबलं. सरकारने नकाशावर केंद्राभोवती एक वर्तुळ काढलं. मग त्याहून मोठं काढलं. वर्तुळातली माणसं बसमधून बाहेर आणली जात होती, आणि त्यातल्या काही बस आमच्या युनिव्हर्सिटीच्या जिमपाशी थांबल्या. मीटर हाताळता येणारी माणसं हवी होती. मी हात वर केला. हे खरं आहे. यावरच टाळ्या मिळतात.

ती जिम मी विसरणार नाही. शेकडो माणसं, आणि आवाज नाही. घर सोडून, कुणी घरचं माणूस सोडून आलेली ती माणसं दारात बूट काढून जोडीने नीट लावत होती. मी त्यांच्या तळहातांवरून, केसांवरून, तळपायांवरून मीटर फिरवायचो. मीटर थोडं टिकटिकतंच. तशी टिकटिक जगात सगळीकडे असते, तुमच्या स्वयंपाकघरातही. ती वाढली नाही की मी म्हणायचो, "दाइजोबू." म्हणजे ठीक आहे, काळजी नाही. तो एक शब्द ऐकण्यासाठी माणसं तासन्‌तास रांगेत उभी होती. खेड्यातल्या शाळेत शिकलेला मी, आणि माझ्या एका शब्दावर म्हाताऱ्या माणसांचे खांदे खाली येत होते.

दुपारी एक आजी आली. सत्तरीची असेल, एकटी. हातात कापडी पिशवी. तिचे हात तपासले, केस, पावलं, पिशवी — पिशवीतली पाकिटंसुद्धा बाहेर काढून. काहीच नव्हतं. मी म्हणालो, "दाइजोबू." ती हसली. मग तिने एक पाकीट उघडलं आणि त्यातलं वाळलेलं नारिंगी फळ माझ्यापुढे धरलं. पर्सिमन. आमच्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. माझी आई जंगलातून येताना पदरात टेंभरं बांधून आणायची, तशी ही घर सोडताना हे घेऊन आली होती.

"घरचं आहे," ती म्हणाली. "सकाळपासून उभे आहात. खा."

आणि मी हात मागे घेतला.

एवढंच? — तुम्ही म्हणाल. थांबा. हात मागे घेतला आणि टेबलाकडे बोट केलं. "टेबलावर ठेवा," म्हणालो. आवाज सौम्य होता माझा. तिने पिशवीतून एक कागदी रुमाल काढला, टेबलाच्या कोपऱ्यावर पसरला, त्यावर ते फळ ठेवलं. मग स्वतःहून दोन पावलं मागे सरकली. माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "दाइजोबू?"

मला वाटलं, ती फळाबद्दल विचारते आहे. मी मान डोलावली. ती कमरेत वाकून नमस्कार करून भिंतीकडच्या चटईवर जाऊन बसली. मी रुमालाच्या टोकाला धरून ते फळ उचललं आणि दूषित कपड्यांसाठी ठेवलेल्या पिवळ्या पिशवीत टाकलं. वर पाहिलं. ती बघत होती. माझी नजर तिच्याकडे गेली तशी तिने मान फिरवली, खिडकीबाहेर काहीतरी असल्यासारखी. मला लाज वाटू नये म्हणून.

मी घाबरलो होतो, असं म्हणू का? कशाला? ती फळं शरद ऋतूत सोलून, दोरीला टांगून वाळवलेली होती — भूकंपाच्या कितीतरी महिने आधी. पाकीट बंद होतं. मीटर मीच फिरवलं होतं. त्या जिममध्ये ते फळ निर्धोक आहे हे सगळ्यात पक्कं कुणाला ठाऊक असेल, तर मला. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं, त्याला भौतिकशास्त्रात शब्द नाही. माझ्या आज्याला तो शब्द चांगला माहीत होता. त्याची कानतुटकी कपबशी हॉटेलाबाहेर खांबाच्या खोबणीत असायची. स्वतः विसळायची, पुढे धरायची. चहा वरून ओतला जायचा. ही गोष्ट ऐकत मी मोठा झालो. ओतणारा माणूस कसा असेल, याचा मी लहानपणी फार विचार करायचो. तोही सौम्य आवाजात बोलत असेल?

आता मी ब्रिस्बेनमध्ये आहे, एका हॉस्पिटलात रेडिएशन सेफ्टीचं काम करतो. या वर्षी कोविड आला आणि आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या गल्लीत सगळेच वस्तू ठेवून मागे सरकू लागले. समोरची ग्लेनिस आमच्या दाराशी अंडी ठेवते, चार पावलं मागे जाते आणि ओरडते, "नो वरीज, मेट! यू ऑल राइट?" पहिल्यांदा तिने ते विचारलं, तेव्हा मी अंडी हातात घेऊन दारात तसाच उभा राहिलो. कारण दाइजोबूचा तोही अर्थ होतो. तू ठीक आहेस ना? त्या आजीने फळाबद्दल विचारलंच नव्हतं. घरदार वर्तुळात सोडून आलेली बाई माझी विचारपूस करत होती. माझ्या भीतीला जागा व्हावी म्हणून ती दोन पावलं मागे सरकली होती. एवढं मोठं मन कुठून येतं? मी समुद्राला हात जोडले होते. तिला जोडले नव्हते.

तेव्हा तरी खरं बोलायचं. पण शाळा घरून चालू होती आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला — मित्रा तिचं नाव — गृहपाठ होता — घरातल्या धाडसी माणसाची मुलाखत घ्या. तिने मला धरलं. मी जिम सांगितली, मीटर सांगितलं, आणि का कोण जाणे, आजीही सांगितली. फळही.

"डिड यू ईट इट, बाबा?"

"हो."

"वॉज इट यम?"

"खूप गोड होतं."

"कॅन वी बाय वन?"

"इथे मिळत नाही गं," मी म्हणालो. दुकानात त्या आठवड्यात पर्सिमनचे ढीग लागले होते.

व्हिडिओ कॉलवर आई होती. नातीच्या इंग्रजीतलं तिला काही कळलं नाही, म्हणून मित्राने आपल्या मोडक्या मराठीत तिला समजावलं. आई स्क्रीनजवळ सरकली.

"तिच्या हातचं खाल्लास ना? बरं केलास बापू," ती म्हणाली. "तुज्या आज्याच्या हातात कोणी काई ठेवत नव्हते."

मी काय म्हणालो, सांगू? म्हणालो, "हो ना, आई."

मित्राने गृहपाठात काढलेल्या चित्राचा कागद फ्रिजवर लावलेला आहे. त्यात मी मीटर धरून उभा आहे, आणि एक आजी माझ्या हातावर नारिंगी गोळा ठेवते आहे. रोज दूध काढताना तो समोर येतो. ते फळ मी अजून चाखलेलं नाही.

हे मी मराठीत लिहितो आहे. ती आजी, असली तर, मराठी वाचू शकत नाही. मित्राला फक्त इंग्रजी वाचता येतं. आई कधी शाळेत गेली नाही. ज्या तिघींना हे सांगायला हवं, त्यांतल्या एकीलाही हे वाचता येणार नाही. लिहायला बसलो तेव्हाच मला हे माहीत होतं.