कॉलरवालीची बढाई

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. बाह्या, खिसे कुणीही शिवावेत, कॉलर मात्र तिच्याच हातची. कॉलर ताठ, तशीच बाईंची मानही ताठ. मुलगी झाली तेव्हाची गोष्ट तर कारखान्याला पाठ होती. "दहाव्या दिवशी मशीनवर बसले मी! लाड करून घ्यायला वेळ कुणाला होता?"

आता तीच मुलगी बाळंत होऊन आईकडे आली होती आणि भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बाळ रडलं की कानावर उशी. कॉलरवालीनं आधी गोडीनं घेतलं, मग जीभ सुटली. "आम्हीही पोरं काढली गं, असली सोंगं नाही केली. शेजारणींना काय सांगू?"

"सांग, मी वाईट आई आहे."

जावई दोघींना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाळंतपणानंतरचं नैराश्य, बाई म्हणाल्या, आणि कॉलरवालीकडे वळल्या. "आजी, तुम्हाला झालं होतं का असं? घरात आणखी कुणाला?"

"छे! देवाशपथ, आमच्या घराण्यात असलं काही नाही."

मुलीची मान आणखी खाली गेली.

पुढे कॉलरवालीची थोरली बहीण बाळाला बघायला आली. चहा ओतता ओतता कॉलरवालीनं दहाव्या दिवसाचं पुराण लावलं. बाळाला थोपटत थोरली म्हणाली, "पुरे झाली बढाई. पोर हातात दिली की लटपटायचीस. 'ताई, ने हिला, माझ्यानं बघवत नाही.' दात येईपर्यंत माझ्याकडे होती ती. आणि तू झालीस तेव्हा आपल्या आईचं तेच. कुणाशी बोलेना, तुला जवळ घेईना."

कॉलरवाली काही विसरली नव्हती. त्या दिवसांवर तिनं जाड अस्तर लावून टाकलं होतं, एवढंच.

मुलगी दारात उभी होती. "तू देवाची शपथ घेतलीस, आई."

"जावयासमोर कसं सांगायचं गं?"

"तुला लाज वाटली. आणि मला वाटत राहिलं, अशी मी एकटीच."

संध्याकाळी कॉलरवालीनं देवापुढे दिवा लावला, पण काही मागायची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, जावयाच्या देखत, तिनं सगळं सांगितलं.

"बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याची ओढ काही घरांत रक्तातून येते. ती जागी होते की निजून राहते, ते ताण, झोप, जवळची माणसं यांवरही असतं. दोष हिचा नाही, तुमचाही नाही. फक्त आधी कळलं असतं, तर पोटुशी असल्यापासून हिला जपलं असतं."

दोष नाही म्हटलेलं कॉलरवालीला ऐकूच आलं नाही. कानात राहिलं ते शेवटचं.

रस्त्यात मुलीनं बाळ तिच्या हातात दिलं. तिनं ते छातीशी धरलं.

कारखान्यात काजं करणारीनं हटकलं, "काय हो आजीबाई, लेक बसणार का दहाव्या दिवशी मशीनवर?"

"नाही," कॉलरवाली म्हणाली. मान वर झाली नाही. "आणि मीही बसले नव्हते गं. पोरीपासून पळून आले होते."