घोंगडं पांघरलेली भट्टी

भट्टीला अहो-जाहो आणि प्राचार्यांना अरे-तुरे करणारा माणूस अख्ख्या कृष्णाकाठी एकच झाला, आणि नेमका तोच माझा गाईड निघाला. प्राचार्य त्यांच्याहून वयाने मोठे होते. भट्टी दोन वर्षांची होती.

सत्तरच्या दशकात, रॉकेलच्या रांगा लांबत चालल्या होत्या तेव्हा, मी सांगलीतल्या विद्यापीठमान्य संशोधन केंद्रात दाखल झालो. केंद्र म्हणजे कॉलेजमागची पत्र्याची खोली. सरांनी माझी गुणपत्रिका पाहिलीच नाही. "गाव?" म्हणाले. "उंब्रज." "चुलीत काय घालता?" "उसाची चिपाडं." "धूर?" "लय." "उद्यापासनं ये." चिपाडांतून बिनधुराचा जळाऊ वायू काढायचा, हा सरांचा ध्यास. त्यासाठी हवा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न झिजता दुसऱ्यांना कामाला लावणारी पूड. हे वर्णन प्राचार्यांनाही लागू पडतं, असं सर त्यांच्यादेखतच म्हणत. या ध्यासामागे जतला धुरात डोळे गमावत चाललेली त्यांची आई होती. तिची नजर पुरती जायच्या आत तिला निळी ज्योत दाखवायची, एवढीच त्यांची घाई, पीएच.डी. वगैरे आमच्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी.

ऊब टिकावी म्हणून सर भट्टीला आईचं घोंगडं पांघरत. ते कधी न धुतलेलं, मेंढरांच्या ओशट वासाचं. त्याची करपलेली लव भट्टीच्या नळीतल्या पुडीवर पडे, आम्ही नाक दाबत असू आणि सर भट्टीला विनवत, "आवं बाई, आज तरी मनावर घ्या." अखेर बाईंनी मनावर घेतलं. नळीच्या तोंडाशी निळी ज्योत दिसू लागली.

लगेच प्राचार्यांनी प्रात्यक्षिक ठरवलं. प्रमुख पाहुणे, मंडप, सनईची तबकडी, भट्टीला झेंडूचा हार, नळीत ताजी पूड. वास नको म्हणून घोंगडंही सोड्यात उकळून धुऊन आणवलं. सरांनी आईला जतहून एस.टी.ने आणलं आणि मागच्या बाकावर बसवलं.

त्या दिवशी काही पेटलं नाही. काड्यांमागून काड्या विझल्या. पाहुणे "प्रयत्न स्तुत्य आहे" म्हणून जेवायला गेले. रिकाम्या मंडपात म्हातारीनं विचारलं, "पेटलं का रं?"

सर म्हणाले, "व्हय आई. निळंशार."

"खरंच की! धूर न्हाईच इवलासुदीक," ती म्हणाली आणि सवयीनं पदरानं डोळे पुसले. सरांनी भट्टीवरचं घोंगडं काढून तिच्या खांद्यावर टाकलं. तिनं ते हुंगलं. "हे कुणाचं रं? माझं न्हवं हे. माझ्याला वास हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मेंढीच्या घामातला क्षार सोड्यात वाहून गेला होता. आमची पूड त्याच्याच जोरावर चालत होती.

मग आम्ही जतहून न धुतलेली लोकर आणली, जाळून तिची राख पुडीत मिसळली, मापं जुळवत बसलो. ज्योत पुन्हा पेटली तेव्हा म्हातारीला जाऊन पावसाळा उलटला होता. सर घोंगडं सारखं करत भट्टीला हळूच म्हणाले, "उशीर केलात, बाई."