मंजिरीच्या बंबाचा वास

आमच्या गुरुवारच्या मंडळात काही घडतं तेव्हा तो किस्सा आहे हे कुणालाच कळत नाही. तेव्हा तो नुसता डोक्याला ताप असतो. मग दोन-तीन महिने जातात, कुणीतरी चहा गाळता गाळता म्हणते, "ते गो अंकल आठवतात का गं?" आणि हातातलं गाळणं बाजूला ठेवून सगळ्या हसायला लागतात. असे किस्से साठत जातात, वाटीतल्या अक्षतांसारखे. आज फक्त बंबाचे सांगते.

*

बंब म्हणजे खरं तर लाकडं जाळायची लोखंडी शेगडी. पुढे काचेचं दार, वरून छतापार गेलेलं धुराडं. मंजिरी आणि निखिल बुकित तिमाहला ज्या जुन्या बैठ्या घरात भाड्याने राहतात, तिथे आधीच्या भाडेकरूने ती बसवली होती. तो कुठल्याशा थंड देशातला होता. सिंगापूरच्या उकाड्यात त्याला शेकायची काय हौस होती, देव जाणे.

पण आम्हा बायकांना ती देवानेच पाठवली असं वाटलं. मी तोआ पायोहला अकराव्या मजल्यावर राहते. तिथे धूप जरा जास्त झाला तरी समोरच्या आजी दार उघडून बघतात, होम कुठला करणार? व्रताच्या उद्यापनाला होम करता येईल असं आमच्या ओळखीतलं हे एकच घर. माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन तिथेच झालं. पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. पहिल्या आहुतीला मी भक्तिभावाने "स्वाहा" म्हटलं आणि तुपाची पळी काचेवर आपटली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, आधी दार उघडायचं, मग स्वाहा."

*

पहिला वास आला खंडेनवमीनंतर. निखिल आयटीत मॅनेजर, त्यामुळे लॅपटॉपची पूजा झाली. मिक्सरची झाली, मंजिरीची मुलगी इरा हिच्या सायकलची झाली. मग बंब बिचारा का राहावा? आम्ही त्याला तेलाचा हात फिरवला, हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूची माळ घातली.

दसऱ्याला तो पेटवला. तेल, हळद, कुंकू सगळं लोखंडावर करपलं आणि घरभर असा वास सुटला की सोनं द्यायला आलेले लोक अंगणातूनच सोनं देऊन गेले.

मंजिरी डोळे पुसत म्हणाली, "उषाताई, पुढच्या वर्षी याला लांबूनच नमस्कार करू."

*

त्याच आठवड्यात घरमालकीण मिसेस लिम कुठल्याशा नळासाठी येऊन गेल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, नेहमी हातात मोठी पर्स. दारातच थांबल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "डिसेंबरमध्ये लीज संपतं. मी तिसऱ्या रविवारी येईन. वास असला तर सही नाही."

त्या रागावल्या नव्हत्या. तेच जास्त वाईट होतं.

मंजिरीचा चेहरा उतरला. इराची शाळा घरापासून पाच मिनिटांवर, पुढच्या वर्षी तिची मोठी परीक्षा. त्या भागात त्यांना परवडेल असं दुसरं घर नव्हतं. मी तिला म्हटलं, "बंबच बंद कर." ती म्हणाली, "ताई, बंद असतानाही वास येतोय ना."

निखिलने मग लाकडांवर संशय घेतला. लाकडं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. इथे उघडे राहिलेले पोहे संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, लाकडं काय कोरडी राहणार? पेटवली की टोकातून पाण्याचे बुडबुडे यायचे आणि आंबूस धूर निघायचा. त्याने सगळी लाकडं उचलून इराच्या खोलीत रचली, कारण ओल शोषणारं मशीन तिथेच होतं. इराची गादी हॉलमध्ये आली.

तिने कमरेवर हात ठेवून इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "पपा, वुडला एअरकॉन आणि मला हॉल? नॉट फेअर, लाह."

लाकडं वाळली. आंबूस वास गेला. बाकीचा राहिला.

*

मग आम्ही संगीताला बोलावलं. संगीता नागपूरची, क्लेमेंटीला विद्यापीठात संशोधन करते. ती बुद्धवंदना करते, आमच्या व्रतवैकल्यांतली नाही. पण उद्यापनाच्या पुरणपोळीला एकदाही चुकलेली नाही.

तिने घरभर फेरी मारली आणि माझ्याकडे हात पुढे केला. "उषाताई, एक उदबत्ती द्या."

मला केवढा आनंद झाला! शेवटी हिलाही देव आठवला. मी पेटवून दिली. ती जाऊन बंबासमोर मांडी घालून बसली आणि दार किलकिलं करून उदबत्ती फटीशी धरली. धूर आत जायचा सोडून सरळ तिच्या तोंडावर आला.

"अगं, उदबत्ती देवापुढे लावतात," मी म्हटलं.

"आजच्या दिवस हाच देव," ती म्हणाली. "हे बघा. एसीसाठी सगळ्या खिडक्या बंद, आणि स्वयंपाकघरात गॅसवरचा पंखा भरारा हवा बाहेर फेकतोय. तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. ती धुराड्यातून येते, काजळीचा वास घेऊन."

पंखा बंद केला, खिडकी उघडली. उदबत्तीचा धूर शहाण्यासारखा बंबात शिरला. आम्ही सगळ्या त्याच्याकडे आरतीकडे पाहावं तशा पाहत राहिलो. मंजिरीने तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून भिंतीवर चिकटवली: 'आधी खिडकी, मग आग.'

काजळीचा वास गेला. पण त्याच्याखाली आणखी एक वास होता. घशाला लागणारा, काहीतरी वितळल्यासारखा. संगीता बराच वेळ हुंगत राहिली.

"लाकडाचा नाही हा," एवढंच बोलली.

*

मार्गशीर्षातले दोन गुरुवार झाले. मिसेस लिम यायला चार दिवस उरले. धुराडं साफ करणारा माणूस सिंगापुरात कुठे मिळणार? शेवटी माझ्या घराजवळच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, स्वयंपाकघरांचे धुराचे पाइप साफ करणारे गो अंकल सापडले. त्यांनी फोनवर तीनदा विचारलं, "चिमनी? सिंगापूरमध्ये? फॉर व्हॉट?"

आले ते निव्वळ बघायला, असं मला अजून वाटतं. पण कामाला चोख. धुराडं घासलं, वरून एक जुनं मैनेचं घरटं काढलं. मग बंबाच्या आतल्या लोखंडी फळीवर हात घातला आणि एक काळा, चिकट गोळा बाहेर काढला. त्यातून सोनेरी जरीचे धागे लोंबत होते. वितळलेल्या रिबिनीचा तुकडा होता.

गो अंकलनी तो माझ्या नाकासमोर धरून त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, हे काय लाकूड आहे? "आँटी, धिस वन वुड, मेह?"

मी तो धागा ओळखला.

*

आता कबूल करायचंच, तर नीट करते. निर्माल्य कचऱ्यात टाकायला माझा जीव धजत नाही. इथे नदीत सोडायची सोय नाही. फ्लॅटमध्ये ओट्याशेजारी कचरा थेट तळमजल्यावर टाकायचं नळकांडं आहे, त्यात खरकटं जातं. देवीच्या अंगावरची फुलं मी त्यात कशी टाकू? मग दर वेळी मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून मंजिरीकडे न्यायची, आणि ती चहा टाकायला गेली की गुपचूप बंबात ठेवायची. अग्नीला दिलं म्हणजे देवाला पोचलं. लिटल इंडियातले हार प्लास्टिकच्या दोऱ्यात ओवलेले असतात, जरीची रिबीन असते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या गुरुवारी कहाणी वाचून झाल्यावर मी मंडळात सांगितलं. "मंजिरी, तुझं घर माझ्यामुळे जायची वेळ आलीय."

माझ्या शेजारी बसलेल्या शुभदाने हळूच आपली पिशवी उघडली. आत वर्तमानपत्राची पुडी होती. तिच्या पलीकडच्या नीताच्या पिशवीतही होती.

"मला वाटलं, मीच एकटी," शुभदा म्हणाली.

मंजिरी आमच्याकडे पाहत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "माझं स्वतःचं कुठे जातं असं वाटतं तुम्हाला?"

संगीताने पुरणपोळीचा घास गिळला. "वास शोधायला मला नाही, तुम्हालाच विचारायला हवं होतं."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी देवीसमोर शपथ घेतली: बंबात कोरडी लाकडं आणि होमाचं तूप, बाकी काही नाही. निर्माल्य मंजिरीच्या अंगणात कुंडीत पुरायचं, दोरा काढून. निखिलने बंब आतून तीनदा पुसला. दोन दिवस सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती.

*

रविवारी मंजिरीने मला सोबतीला बोलावलं. मी पहाटे उठून पारायण करूनच गेले.

मिसेस लिम आल्या. चपला काढल्या, हॉलच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. इराने श्वास रोखून धरला होता, जणू वास तिच्या नाकातूनच बाहेर पडेल. बाई बंबापाशी गेल्या, दार उघडलं, आत वाकल्या. पुन्हा हुंगलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "गेला."

मंजिरीने लीजचे कागद आणि पेन पुढे ठेवलं. मिसेस लिमनी पेन हातात घेतलं, मग परत खाली ठेवलं.

"सही करते. आधी एक विचारायचं आहे."

त्यांनी पर्समधून एक कागदी पिशवी काढली. आत सुकलेली पिवळी शेवंती होती, अगरबत्तीच्या जळक्या काड्या होत्या. "माझ्या आईच्या फोटोपुढची. घरी कचऱ्यात टाकवत नाहीत." त्यांनी बंबाकडे बोट केलं. "इथे चालेल का?"

आम्हा दोघींना देवीसमोरची शपथ आठवली.

त्यांना वाटलं, आम्ही नाही म्हणतोय. त्या घाईघाईने म्हणाल्या, "तार काढली आहे. रिबीन पण काढली. ती जळली की फार वास येतो, यू नो."

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं.

मी उठले आणि आधी खिडकी उघडली.