पासवालीची भरपाई

मी बाभुळगावची. नोकरी शेजारच्या जिल्ह्यात, एका कॉलेजच्या ऑफिसात. सकाळी स्कुटीनं अर्धा तास गेलं, जिल्ह्याची हद्द ओलांडली की स्टेशन, आणि तिथून महिन्याच्या पासावर पॅसेंजर. गाडीची वेळ आठ दहा. ही वेळ फलाटावरच्या बोर्डावर सुंदर अक्षरात रंगवलेली आहे. गाडीनं तो बोर्ड कधी वाचलेला नाही, ती पावणेनऊच्या पुढे येते.

त्यामुळे आठ दहाची गाडी पकडायला मी घरून सव्वाआठला निघत असे. आम्ही सगळेच पासवाले असेच निघत असू. नवा कोणी पासवाला पहिल्या आठवड्यात आठ वाजता येऊन फलाटावर ताटकळायचा, तेव्हा आम्ही त्याच्याकडे शहाण्यांनी नवशिक्याकडे बघावं तसं बघायचो. खरं सांगायचं तर गाडीचा हा रोजचा उशीर मी मुकाट्यानं गिळून टाकला होता. त्या पाऊण तासात माझी भाजी-पोळी व्हायची, बाबांच्या डोळ्यांत थेंब पडायचे, कधी केसही नीट विंचरून व्हायचे. माझी तक्रार उशिराबद्दल नव्हतीच. उशीर करण्यातही गाडीला शिस्त नव्हती, याबद्दल होती. कधी साडेनऊ, कधी दहा. मग कॉलेजात मस्टरवर लाल पेनानं लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा गेली.

त्या वर्षी डिसेंबर येईस्तोवर माझ्या आठही रजा रेल्वेनं खाल्ल्या. आणि डिसेंबरातच बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं.

घरात आम्ही दोघंच. आई गेल्यापासून बाबांचं सगळं माझ्याकडे. मी हेडक्लार्कपुढे उभी राहिले, बिनपगारी रजा तरी द्या म्हणाले. परीक्षेचे फॉर्म चालू होते. त्यांनी मस्टर माझ्याकडे फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या रजा रेल्वेनं नेल्या न? मंग रेल्वेकडूनच आना वापस."

ऑफिसात हशा पिकला. मीही हसले, काय करणार.

बाबांना शेजारच्या वहिनी यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ऑपरेशनच्या आधी जो कागद असतो, त्यावर वहिनींनी सही केली, आणि 'रुग्णाशी नातं' या रकान्यात 'शेजारी' असं लिहिलं. बाबा पट्टी बांधून बाहेर आले आणि त्यांनी आधी माझ्याबद्दल विचारलं, "आली का ते?" हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. सांगायला नको होतं. मी त्या वेळी कॉलेजात पोरांच्या फॉर्मवर शिक्के मारत होते. त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती गेली.

म्हटलं, आता रेल्वेकडूनच आणते रजा.

आधी स्टेशनच्या तिकीट-खिडकीवर गेले. आतल्या माणसानं पीएनआर नंबर मागितला. पासाला पीएनआर नसतो, मी म्हणाले. त्यानं पास उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्या मायेनं मला समजावलं, "ताई, रिफंड त्याले भेटते ज्याचा प्रवास हुकला. तुम्ही पासवाले. आज लेट झाली तं उद्या येसानच न? तुमचं नुकसान कायचं?"

म्हणजे जो एकदाच येतो त्याचं नुकसान होऊ शकतं. जो रोज येतो त्याचं होत नाही, त्याला सवय होते.

मग मोबाईलवर तक्रार केली. तिथं तक्रारीचे प्रकार आधीच ठरवून ठेवलेले होते. एसी थंड नाही. चादर मळकी आहे. जेवण बेचव आहे. आमच्या डब्यात बूड टेकायला जागा मिळाली तरी लोक एकमेकांना पेढा द्यायच्या बेतात असतात, चादर कुठली! मी 'इतर' वर बोट ठेवलं. तासाभरात उत्तर आलं: आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आपण किती समाधानी आहात ते कळवा. खाली पाच तारे. मी त्यांना एकही तारा दिला नाही. तेवढाच काय तो सूड.

शेवटी कागदावर अर्ज लिहिला. आमच्या ऑफिसात अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरत नाही. विषय, संदर्भ, महोदय, सगळं यथासांग. मला पैसे नकोत, असं स्पष्ट लिहिलं. माझी गेलेली एक रजा परत मिळावी, ते जमत नसेल तर गाडी उशिरा आल्याचे दाखले द्यावेत, म्हणजे लेट मार्क तरी खोडले जातील. सोबत पासाच्या झेरॉक्स. रजिस्टर पोस्टानं रेल्वेच्या वरच्या मोठ्या ऑफिसला पाठवला आणि विसरून गेले असं म्हणायला आवडलं असतं, पण मी रोज पोस्टमनची वाट पाहत होते.

दोन महिन्यांनी चक्क उत्तर आलं. सुनावणीस समक्ष हजर राहावे, वेळ सकाळी अकरा, मूळ पास सोबत आणावा. मी ते पत्र चुरगळू न देता पर्समध्ये ठेवलं आणि कॉलेजभर दाखवलं. हेडक्लार्कांनी ते दोनदा वाचलं.

फक्त तारखेकडे नीट लक्ष गेलं ते रात्री, घरी आल्यावर. त्याच दिवशी बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. तारीख सोडली की पुढचा महिना, आणि बाबांना त्या डोळ्यानं आता दारातली तुळसही दिसत नव्हती. सुनावणीची तारीख बदलून मागायला फोन केला. पलीकडून उत्तर मिळालं, गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली निघेल. या वेळी माझ्याकडे नव्या वर्षाच्या रजा होत्या. प्रश्न रजेचा नव्हता, मी ती कुठे खर्च करायची याचा होता.

मी बाबांना विचारलं. म्हणजे विचारल्यासारखं केलं.

"जाय न माय," बाबा म्हणाले. "हक्काचं हाय तुह्या. मायासंगं वहिनी हायेच. मोतीबिंदू काय, कोनीबी संगं असलं तरी निंगते."

त्यांनी जा म्हणावं, हेच मला हवं होतं. ते मनापासून म्हणाले की माझं मन राखायला, हे बघायला मी थांबले नाही.

त्या सकाळी वहिनींना आणि बाबांना साडेसातच्या एसटीत बसवलं. घरी येऊन कागद लावले, इस्त्रीची साडी नेसले. सुनावणी म्हणून खबरदारी घेतली, रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी निघाले. स्टेशनवर पोचले तेव्हा आठ पस्तीस. फलाटावर आमचे पासवाले जेवणाचे डबे धरून उभे होते, पण चेहरे काही बरे दिसत नव्हते.

"गाडी गेली," चहावाला म्हणाला.

"कोणती?"

"तुमचीच."

"कधी?"

"टायमावर."

आम्हाला वाटलं, तो गंमत करतोय. मग स्टेशनच्या माणसानंही तेच सांगितलं, आणि सांगताना त्याची छाती जरा फुगली होती. आमच्यातले एक गुरुजी भयंकर चिडले. "असं कसं? अगोदर कयवाले नोको?" वेळेवर आल्याबद्दल लेखी तक्रार द्यायला ते खिडकीकडे निघालेसुद्धा. मला हसू येईना. अकराच्या आत सुनावणीला पोचवणारी दुसरी गाडी नव्हती. उद्या त्या मोठ्या ऑफिसात लिहिलं जाईल: अर्जदार गैरहजर, सदर दिवशी गाडी नियोजित वेळेवर धावली. एकही अक्षर खोटं नसेल.

स्कुटी वळवली. बाभुळगाव मागे पडलं, न थांबता यवतमाळकडे. रस्ताभर मी आधी रेल्वेला शिव्या घातल्या, मग हेडक्लार्कला. यवतमाळ जवळ आलं तेव्हा दोघंही संपले आणि मी एकटी उरले. बाबांच्या एका डोळ्याच्या वेळी नव्हते म्हणून भरपाई मागायला निघाले होते, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी नसण्याची तयारी करून. हे मला बाभुळगावात दिसलं नव्हतं. मोतीबिंदू नेमका कोणाला झाला होता, कोण जाणे.

दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. बाबांना दहा वाजता आत नेलं होतं. वहिनी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर बाबांची चप्पल कॅरीबॅगमध्ये घालून. कागदावर सही झाली होती. रकान्यात 'शेजारी'.

बाबा बाहेर आले. डाव्या डोळ्यावर पट्टी, पण उजवा आता चांगला झाला होता. त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"आली का तू?" ते म्हणाले. "काहून वं, आजबी गाडी लेट झाली का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "गाडी टायमावर होती."