थोलची आग

कंबोडियातल्या प्रे लांगच्या रानात कुई लोक म्हणत, आग घालावी ती थोलनंच. थोलला ते ऐकायला फार आवडे. छतील या राळेच्या झाडाच्या बुंध्यात खोबण कोरायची, त्यात वाळकं गवत पेटवायचं आणि लगेच हिरव्या डहाळीनं झोडपून विझवायचं, की आठवडाभरात खोबणीत राळ साठते. त्या राळेनं होड्यांच्या फटी बुजतात, तिच्याच मशालींवर घरं उजळतात. बाकीचे लोक खोबणीत हात घालून निखारा राहिला का ते चाचपत. थोल म्हणे, "मला नुसत्या वासानं कळतं."

थोरला भाऊ वारला तेव्हा त्याची झाडं याम वहिनीकडे आली. पुढे ती लेकीला लग्नात द्यायची होती. आग घालायचं काम वहिनीनं थोलवरच सोपवलं. सगळ्यांत जुन्या झाडापाशी त्याला एक नावाडी भेटला. त्याची होडी गळत होती. त्याला अक्कल शिकवता शिकवता थोलनं डहाळीचे दोन फटके मारले आणि बोलत बोलत त्याच्याबरोबर निघून गेला.

वहिनी राळ काढायला गेली, तर झाड आडवं पडलेलं आणि बुंध्याचा आतून कोळसा झालेला. सगळी वस्ती बघायला जमली.

"वीज पडली असेल," कुणीतरी म्हणालं.

थोलनं मान डोलावली. त्या मान डोलावण्याची त्याला फार लाज वाटू लागली. घरात मशाल पेटली की राळेचा वास यायचा आणि तो उठून बाहेर जाऊन बसायचा.

मग एका सकाळी वहिनीनं दारातून हाक मारली, "भावजी, चला. बाकीची झाडं खोळंबलीत."

झाडापाशी तिनं पेटता पेंढा पुढे केला. थोलचा हात पुढे होईना.

"वहिनी, वीज नव्हती पडली. मीच नीट विझवलं नाही. गप्पांत राहिलो, आणि वर खोट्याला मान डोलावली."

"वीज वरून येते, भावजी. झाड खालून जळलंय. मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलला का नाहीत?"

"झाड तुम्ही जाळायचं आणि बोलायचं मी?"

"नदीकाठचं माझं झाड पोरीला देतो."

"द्यालच. न देऊन जाता कुठे!"

तिनं स्वतःच गवत पेटवलं, स्वतःच झोडपलं आणि बाजूला झाली.

"आता घाला हात."

थोलनं मान खाली घालून खोबणीत हात घातला आणि कोपरा न् कोपरा चाचपला.

"विझलंय."

"पुन्हा बघा," वहिनी म्हणाली.

त्यानं पुन्हा हात घातला.