एका बायकोचे दोन अर्ज

माझ्या बायकोने जाण्याआधी शेवटचं काम केलं ते माझी चूक काढण्याचं. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर वाळलेल्या चादरीची घडी घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. ती म्हणाली, "उलटी धरली तुम्ही. काठ इकडं घ्या. चाळीस वर्षं माग चालवला, अन् चादर धरता येत नाही!" मी म्हटलं, "मी विणणारा आहो. घड्या घालणारे येगळे." घडी झाली. जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही.

लोक येतात, तिच्याबद्दल काही सांगा म्हणतात. दुःखाचं लिहायला माझं शिक्षण पुरत नाही (चौथी, आणि तीही मास्तरांच्या मेहेरबानीने!). म्हणून तिच्या बी.ए.चं लिहितो. त्यात गाढव मीच ठरलो होतो, त्यामुळे सगळं नीट लक्षात आहे.

गोष्ट एकोणीसशे पासष्टच्या आसपासची. आम्ही नागपूरचे विणकर, घरात दोन माग. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, नावही बदलतात. उमरेडची कुसुम मी पार्वती करून आणली. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं असतं. मला त्यातला 'र्व' जमेना. शेवटी मामाने माझा हात धरून लिहवला. (म्हणजे बायको माझी, अक्षर मामाचं!) तेव्हापासून उमरेडला ती कुसुम आणि आमच्या गल्लीत पार्वती. गल्लीत कुसुम हे नाव कोणी ऐकलेलंही नव्हतं.

ती मॅट्रिक होऊन आली होती. मागाशेजारी बसून, बाहेरून परीक्षा देत देत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचली. तोवरचे परीक्षेचे कागद जुन्या नावाने, उमरेडच्याच पत्त्यावर येत. मुख्य विषय एक नाही, दोन घेतले. अर्थशास्त्र आणि लोकप्रशासन.

मी म्हटलं, "दोन काहून पाहिजे वं? एकात भागत नाही?"

"सोसायटीतून सूत येऊन राहिलं का टायमावर?"

"नाही."

"काहून नाही? सूतच नाही म्हणून, का सूत आहे पण कोणी त्याच्यावर बसून आहे म्हणून?"

"मले काय माहीत!"

"सूत आहे का नाही, हे अर्थशास्त्र. त्याच्यावर कोण बसलं, हे लोकप्रशासन. आता सांगा, एकात भागते का?"

मी परत मागावर धोटा फेकायला लागलो.

मागाच्या खटखटीत ऐकू येत नाही, म्हणून ती धडा ओरडून पाठ करायची. "मागणी वाढली की किंमत वाढते!" मी तिकडून ओरडायचो, "खोटं! मले चार ठिकाणून मागणी आली होती. मंग मी तुले एवढा सस्त्यात कसा भेटलो?" ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "तुमच्यासारख्यांचा पुरवठा लय होता."

परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळीच तिची आई आजारी पडली. ती उमरेडला गेली आणि जाताना बजावून गेली, "अर्ज तुम्ही नेऊन द्या. दोन्ही विषय लिवजा बरं! एक सुटला तर डिग्री गेली."

मी म्हटलं, "मी काय येडा आहो?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे आहे.

आमच्या विणकरांच्या सोसायटीत एका सभासदाला सुताचा एकच कोटा मिळायचा. दोन कोटे पाहिजे असले, तर घरातलं दुसरं नाव लावायचं. सगळे तेच करत. मी विचार केला, विषयही असेच कोट्याने देत असतील. एका नावावर दोन मागितले आणि साहेबाने एक कापला तर? माझ्याजवळ तर एकाच बायकोची दोन नावं तयार होती! मी कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याला गाठलं आणि दोन अर्ज करवले. कुसुमला अर्थशास्त्र, पार्वतीला लोकप्रशासन. जुन्या परीक्षांचे कागद कुसुमच्या अर्जाला लावले. पार्वतीच्या अर्जावर लिहवलं, 'कागदपत्रे सोबतच्या अर्जास जोडली आहेत.' खिडकीतल्या बाबूने न वाचता दोन्हींवर शिक्के मारले. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो की येताना पावभर जिलेबी खाल्ली.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा पोस्टमन आला आणि गल्लीत उभा राहून ओरडला, "पार्वतीबाई! अन् कुसुमबाई! दोन पाकिटं, पत्ता एकच! हे कुसुम कोण गा?"

माझे हात तेलाने भरलेले, मागाचा दांडा निसटलेला. घाईत मी म्हणून गेलो, "तेही माहीच आहे! ठेव तिथं!"

समोरच्या अंजनाबाई भांडी घासत होत्या. त्यांच्या हातातली गंजी तिथेच थांबली.

घरात बायकोने दोन्ही पाकिटं फोडली. आत परीक्षेची प्रवेशपत्रं होती. बराच वेळ कागद उलटेपालटे केले. मला वाटलं, आता शाबासकी येते.

"कुसुमले अर्थशास्त्र," ती हळूच म्हणाली. "पार्वतीले लोकप्रशासन. अन् बी.ए. दोघीतल्या एकीलेही नाही."

"म्हणजे?"

"दोन्ही अर्ध्या. सहा वर्षं वाचलं हो मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कागद परत पाकिटात भरत बसली. मी शर्ट घातला, काढला, परत घातला. कुठे जायचं तेच कळेना!

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीने तिचा मोठा भाऊ वामन उमरेडहून थडकला. अंजनाबाईंचा नवरा लुगडी विकायला तिकडे जात असे. लुगड्यांआधी बातमी खपली होती. वामनच्या हातात मिटलेली छत्री. पाऊस नव्हता.

"जवाईबुवा, कोठी आहे ते दुसरी?"

"कोणती दुसरी?"

"नाव काय तिचं?"

मी तोंड उघडायच्या आत समोरून अंजनाबाई म्हणाल्या, "कुसुम!"

वामन लाल झाला. "बेशरम माणसा! आणली त आणली, माह्या बहिणीच्याच नावाची आणली!" आणि छत्री वर गेली.

आतून बायको धावत आली. "अरे दादा, कुसुम त मीच ना!"

"तू त इकडं पार्वती आहेस."

"हो, इकडं पार्वती."

"मंग इकडची कुसुम कोण?"

"तेही मीच!"

वामन मटकन खाली बसला. त्याला दोन कप चहा दिल्यावर हिशेब जुळला. तरी छत्री त्याने मांडीवरच ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघंही विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. जाड चष्म्याच्या साहेबांनी दोन्ही अर्ज समोर ठेवले. "या दोन परीक्षार्थी तुमच्या कोण?"

"बायका," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही. म्हंजे एकच."

"एक का दोन?"

"घरी एक साहेब, कागदावर दोन."

"दोन बायका करणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"साहेब, माह्यात एकीसमोरच उभं राहाची हिंमत नाही, दुसरी कुठून करू!"

बायकोने मला कोपराने बाजूला सारलं. पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, लग्नात आमचं नाव बदलते. आम्ही बदलत नाही, लोक बदलतात. तुमच्याकडे माह्यासारख्या पुष्कळ बाया येत असतील. त्यांच्यासाठी नियम काय आहे?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. कपाटातून एक फाईल आली. त्यांनी वाचलं, परत वाचलं. "नियम आहे. प्रतिज्ञापत्र, आणि दोन्ही नावांनी ओळखणारा एक साक्षीदार. पण असं विचारायचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुमच्याच पुस्तकानं. त्याचीच परीक्षा द्याची आहे."

वामनला पुढे केलं. साहेबांनी विचारलं, "कुसुमला ओळखता?"

"जन्मापासून."

"आणि पार्वतीला?"

वामनने माझ्याकडे एकदा पाहिलं. "कालपासून."

साहेब खाली बघून हसले. प्रतिज्ञापत्र झालं, दोन्ही अर्ज एका टाचणीत आले, त्यावर 'कुसुम ऊर्फ पार्वती' असं लाल शाईत लिहिलं गेलं. माझी बायको कचेरीच्या पायरीवर बसली आणि मग रडली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तुम्ही हात नका लावू कागदाले!" मी कागदाला नाही, तिच्याच खांद्याला हात लावायला गेलो होतो. पण ठीक आहे, तिचंही बरोबर होतं.

दोन्ही विषय घेऊन ती पास झाली. गल्लीतल्या बायका वर्षभर विचारत, "काय वं, मोठी अन् धाकटी बऱ्या आहेत ना?" ती म्हणायची, "धाकटी वाचून राहिली, मोठी भांडे घासून राहिली."

डिग्री हातात आल्यावर तिने सोसायटीची वही मागितली आणि चार दिवस ती घेऊन बसली. सूत का मिळत नाही ते निघालं. सूत येत होतं. एकेका घरात दोन-दोन नावांनी उचललं जात होतं, म्हणून बाकीच्यांना पुरत नव्हतं. तिने यादीतलं पहिलं नाव कापलं ते माझ्या घरचं! माझा दुसरा माग सहा महिने रिकामा राहिला. मी बोंबललो. ती म्हणाली, "आता कळलं, दोन विषय काहून पाहिजे होते?"

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच महानगरपालिकेच्या कचेरीत नोंद करायला गेलो. लोक म्हणाले, तेरवी होऊ द्या. मी म्हटलं, तिच्या कागदाचं काम आहे, या वेळी बरोबर झालं पाहिजे. एकच अर्ज घेतला. चष्मा लावला, कोणाला लिहायला सांगितलं नाही, एकेक अक्षर कोरून काढलं. 'र्व'सुद्धा जमला. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "बाईंचा व्यवसाय? घरकाम लिहू?"

"बी.ए. लिवा."

"आजोबा, बी.ए. हा धंदा नाही."

"तिचा होता."

त्याने तसंच लिहिलं. मग कागदावरून त्याचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"आजोबा, अर्जदाराच्या जागी तुम्ही बाईंचं नाव लिहिलं. अन् मयताच्या जागी स्वतःचं! या कागदाच्या हिशेबानं काल तुम्ही गेले."

मी कागद परत घेतला, नीट पाहिला. म्हटलं, "तसं त बरोबरच आहे, साहेब. पण असू द्या. दुसरा अर्ज द्या."